श्वास मोजावा कसा, आणि मोजणं थांबवावं कधी

पत्र

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी धायरीत राहते. माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला, वजन १ किलो २८० ग्रॅम. माझं बीपी खूप वाढलं म्हणून अ‍ॅडमिट करून दोन इंजेक्शनं दिली आणि तिसऱ्या दिवशी सिझर केलं. बाळाला नीट श्वास घेता येत नव्हता. फुप्फुसात औषध सोडलं, मग बुडबुड्यांच्या मशीनवर ठेवलं, नंतर कॅफीन चालू होतं. ३८ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होता. हे सगळं काय चाललंय ते कुणी समजावून सांगितलं नाही. विचारलं की "स्टेबल आहे" एवढंच.

घरी येऊन नऊ दिवस झाले. वजन १ किलो ९८०. रात्री तो मध्येच श्वास थांबवतो, सहा-सात सेकंद, मग भराभर घेतो. मी मोबाइलचा टॉर्च लावून बसलेली असते. मिस्टरांनी कोविडात घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावरून काढून ठेवलाय. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ते बाळाच्या अंगठ्याला लावतात, तो कधी ९८ दाखवतो, कधी ७९. सासूबाई म्हणतात, शेक-शेगडी नाही, ओव्याची धुरी नाही, म्हणून छाती भरते. सातवा लागेपर्यंत मी स्कूटरवरून हिंजवडीला जात होते म्हणून असं झालं, असंही त्यांचं म्हणणं. गौरी-गणपतीला घरात पंचवीस माणसं येतील. काय करू?

– एक आई, धायरी

उत्तर

अगं, आधी तो टॉर्च बंद कर. मग वाच. (तुला 'तू' म्हणते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे.)

सहा-सात सेकंद थांबणं आणि मग भराभर चार-सहा श्वास घेणं हे लवकर जन्मलेल्या बाळांत नेहमी दिसतं. आम्ही त्याला पिरिऑडिक ब्रीदिंग म्हणतो. श्वासाची दोरी मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्राच्या हातात असते, आणि ते केंद्र अजून शिकाऊ आहे. नवा ड्रायव्हर सिंहगड रस्त्यावर गाडी कशी नेतो आठव: जरा जास्त अ‍ॅक्सिलेटर, मग दचकून ब्रेक, मग पुन्हा अ‍ॅक्सिलेटर. बाळ भराभर श्वास घेतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, केंद्राला वाटतं आता घाई नाही, ते थांबतं. तो पुन्हा साठला की जागं होतं. अशा थांबण्यात बाळाचा रंग बदलत नाही, अंग लुळं पडत नाही, आणि कुणी हात न लावता श्वास आपला आपण सुरू होतो. तारखेप्रमाणे जन्मलेल्या बाळांतही हे थोडंफार असतं, फक्त त्यांच्या आया टॉर्च घेऊन बसलेल्या नसतात.

आता रेघ कुठे ओढायची ते सांगते. वीस सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला, तर तो वेगळा प्रकार. वीसपेक्षा कमी वेळ थांबला पण बाळ निळं-राखाडी पडलं किंवा लुळं झालं, तरीही वेगळा. असं झालं तर तळपायाला दोन-तीन टिचक्या मार, पाठ चोळ, मान सरळ कर. हनुवटी छातीवर टेकलेली नको आणि डोकं फार मागेही नको. बहुतेक बाळं एवढ्यावर श्वास घेतात. घेतला तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, "आता बरा आहे" म्हणून उद्यावर टाकायचं नाही. नाहीच घेतला, तर एकाने १०८ लावायचा आणि दुसऱ्याने बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या ओठांनी झाकून, गालात मावेल एवढीच हवा, हलकेच फुंकायची. छाती जराशी उचलली की पुरे. गदागदा हलवायचं नाही. हे वाचून येत नाही, हाताने करून बघावं लागतं. पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा तिथल्या सिस्टरकडून बाहुलीवर शिकून घे. तू, तुझा नवरा आणि सासूबाई, तिघांनीही. डिस्चार्जच्या दिवशी तुम्हाला हे शिकवायलाच हवं होतं.

श्वास मोजायचे कसे? बाळ झोपलेलं किंवा शांत असताना, रडत असताना नाही आणि दूध पिऊन लगेचही नाही. झबलं वर कर, पोटाकडे बघ. पोट वर गेलं, खाली आलं: एक. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तुझ्या मुलाचा श्वास थांबत-पळत चालतो, तो हिशेब चुकणारच. साधारण तीस ते साठच्या आत ठीक. साठ किंवा वर आले तर पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा मोज. दुसऱ्यांदाही साठ किंवा वर आले तर दाखवायला ने.

याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, तेव्हा साठपर्यंत आकडे मोजणं ही त्या बायकांसाठी अडचण होती. म्हणून त्यांनी मिनिटभराची वाळूची घटिका आणि मणी असलेलं एक साधं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लहानग्याचे सहा मणी सरकले म्हणजे श्वास जोरात आहे. बस्स. पुढे त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचं जे काम केलं, त्याचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि आज देशभर आशाताई घरी येऊन बाळ तपासतात त्याचं मूळ तिथेच आहे. तुझ्या सासूबाईंकडे जपमाळ असेल. त्यांना सकाळी आणि संध्याकाळी एकेकदा मोजायला सांग. त्यांना बाळासाठी काहीतरी करायचंय, ते तुझ्या पत्रातही दिसतं.

दिवसातून दोनदा, आणि बाळ वेगळं वाटलं तर. त्यापलीकडे मोजायचं नाही.

आकड्यापेक्षा काही खुणा जास्त बोलतात. श्वास घेताना बरगड्यांखाली किंवा गळ्याशी खळगा पडणं. जुन्या बायका "पोट उडतंय", "डबा झालाय" म्हणायच्या ते हेच, आणि त्या बरोबर ओळखायच्या. नाकपुड्या फुलणं. जीभ आणि ओठांची आतली बाजू निळसर होणं. हातपाय थोडे निळसर दिसले तर ते गारठ्याने असू शकतं. आपल्या सावळ्या बाळांत कातडीवरून रंग कळतच नाही, म्हणून जीभ बघायची. पिता पिता दमून सोडून देणं, किंवा नेहमीच्या वेळेला उठून दूधच न मागणं. अंग गार पडणं किंवा तापणं. आणि कण्हणं. यातलं काहीही दिसलं तर मोजत बसायचं नाही, निघायचं. कण्हण्याबद्दल पुढे सांगते, कारण तुझ्या मुलाची सगळी कहाणी त्या आवाजात आहे.

"स्टेबल आहे" हे उत्तर मीही आयुष्यात पुष्कळ वेळा दिलंय. आज तुझ्या निमित्ताने थोडी भरपाई करते.

फुप्फुसात द्राक्षाच्या घडासारखे हवेचे बारीक फुगे असतात. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या कडा एकमेकींना कशा चिकटतात, दूधवाल्याकडून येताना पावसात पाहिलं असशील. फुग्यांच्या आतून पाण्याचा पातळ थर असतो, त्यामुळे श्वास सोडला की तेही तसेच मिटायला बघतात. त्यांनी मिटू नये म्हणून शरीर एक साबणासारखा पदार्थ बनवतं, त्याचं नाव सर्फॅक्टंट. पोटातल्या बाळात साधारण चोविसाव्या आठवड्यानंतर तो बनायला लागतो आणि पुरेसा व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. तुझा मुलगा तिसाव्यात आला. म्हणजे दर श्वासाला त्याला पार मिटलेला फुगा नव्याने फुगवावा लागत होता. फुगा फुगवताना पहिली फुंकर सर्वांत जड असते ना? त्याची प्रत्येक फुंकर पहिली होती. अशा मेहनतीने मोठा माणूसही तासाभरात थकेल.

या आजाराचं कारण सर्फॅक्टंटची कमतरता आहे हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. कारण कळलं, उपाय मात्र नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे लवकर, वजन सुमारे २ किलो १०० ग्रॅम. म्हणजे तुझं बाळ आज आहे त्याहून थोडा मोठाच. याच आजाराने तो ३९ तासांत गेला. जगातल्या सर्वांत सत्तावान माणसाच्या मुलासाठी तेव्हा बोस्टनमध्येही काही करता आलं नाही.

आता कण्हणं. श्वास अपुरा पडणारं बाळ श्वास सोडताना "अंऽ, अंऽ" करतं. ते रडणं नाही, दुखणंही नाही. ते घशाचं दार अर्धवट लावून घेतं, म्हणजे सगळी हवा बाहेर पडत नाही आणि फुगे पूर्ण मिटत नाहीत. एवढ्याशा जिवाने स्वतः शोधलेली युक्ती आहे ती. सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी हेच काम बाहेरून करून पाहिलं: बाळ स्वतः श्वास घेत राहील, पण त्याच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवायचा. १९७१ साली त्यांनी वीस बाळांचा अनुभव छापला, त्यातली सोळा जगली. तेच सीपॅप. तुझं "बुडबुड्यांचं मशीन" म्हणजे त्याचा अगदी साधा, देखणा प्रकार. नाकात दोन आखूड नळ्या, दुसरीकडे नळीचं टोक पाण्यात पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेलं. जितकं खोल बुडवाल तितका दाब. बुडबुडे येताहेत म्हणजे दाब आहे. रात्रपाळीची सिस्टर लांबून, नुसत्या आवाजावरून सांगते की नळी निसटली. मला अजूनही ते यंत्र फार आवडतं.

फुप्फुसात सोडलेलं औषध म्हणजे सर्फॅक्टंटच, गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढून शुद्ध केलेलं. जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये दहा बाळांना ते देऊन पहिल्यांदा ठळक गुण दाखवला. पातळ नळीने थेट श्वासनळीत सोडतात. तुझ्या मुलाच्या वजनाला तीन-चार मिलिलिटर, फार तर पाच, म्हणजे जेमतेम चमचाभर. त्याचं बिल बघून तुझ्या नवऱ्याच्या पोटात गोळा आला असेल, ठाऊक आहे. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. पुण्याच्या ससून रुग्णालयात आणि पिंपरीच्या वायसीएममध्ये नवजात बाळांचे विभाग आहेत. खासगीत एनआयसीयूचा खर्च झेपणार नसेल तर ते पहिल्या दिवशीच विचारा, घर गहाण पडल्यावर नको.)

आणि ती तुला दिलेली दोन इंजेक्शनं. ती तुझ्यासाठी नव्हतीच. ते स्टेरॉइड होतं, तुझ्या रक्तातून बाळाच्या फुप्फुसांना "लवकर तयार व्हा" असं सांगणारं. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना मेंढ्यांवर काम करताना याचा सुगावा लागला. स्टेरॉइड मिळालेली कोकरं इतकी लवकर जन्मूनही श्वास घेत होती, जे व्हायला नको होतं. रॉस हॉवी यांच्याबरोबर त्यांनी १९७२ मध्ये मातांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माझ्या मते, अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी याच्याइतकं स्वस्त आणि गुणकारी औषध दुसरं नाही. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी सिझर दोन दिवस थोपवून ती इंजेक्शनं दिली. त्यांनी बोलण्यात कंजुषी केली असेल, कामात केली नाही.

कॅफीन म्हणजे हो, कॉफीतलंच. डुलक्या घेणाऱ्या श्वासकेंद्राला ते जागं ठेवतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कॅफीन मिळालेल्या बाळांचा यंत्राचा आधार साधारण आठवडाभर लवकर सुटला. चौतीस आठवड्यांच्या आसपास ते बंद करतात, मग काही दिवस बाळ औषधाशिवाय राहतं का ते मॉनिटरवर बघतात, आणि मगच घरी सोडतात. तुझ्या मुलाला पस्तीस आठवडे पूर्ण झाल्यावर सोडलंय. म्हणजे ज्याची तुला रात्री धास्ती वाटते, ती परीक्षा तो तिथे देऊन आलाय.

आता पुन्हा कण्हणं: घरी त्याच्याकडे लक्ष ठेव. मात्र शी करताना, आळस देताना कुंथतो, लालबुंद होतो, चित्रविचित्र आवाज काढतो, ते निराळं. लवकर जन्मलेली बाळं त्या बाबतीत फार गोंगाटी असतात. दर श्वासाला, शांत पडलेला असतानाही कण्हत असेल, तर निघा. नाकात घुरघुर असेल तर साध्या सलाइनचे थेंब पुरतात. शिंका म्हणजे सर्दी नव्हे, बाळं नाक तसंच साफ करतात.

ऑक्सिमीटर उचल आणि कपाटात टाक. तो मोठ्यांच्या बोटासाठी आहे. बाळाच्या अंगठ्यावर त्याचा दिवा आणि डोळा एकमेकांसमोर येतच नाहीत. पाय हलला, गार असला, की ७९. तुमची ती रात्र गेली आणि बाळाला काही झालेलंच नव्हतं. एनआयसीयूतून आलेल्या आईबापांच्या कानात मॉनिटरची पीप-पीप महिनाभर वाजत राहते. घरी तसलंच काहीतरी लावलं की ती आणखी लांबते.

कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर परत. याबद्दल मी कडक आहे. २०२१ च्या त्या एप्रिल-मेमध्ये पुण्यात ऑक्सिजनसाठी जी धावाधाव झाली, ती तुझ्या नवऱ्याच्या मनातून गेलेली नाही, हे मी समजू शकते. पण ऑक्सिजन हे औषध आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते जास्त झालं तर डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात. १९४० आणि ५० च्या दशकांत इनक्युबेटरमध्ये सढळ हाताने ऑक्सिजन सोडला गेला आणि हजारो मुलं आंधळी झाली. म्हणून आता ऑक्सिजनवर असलेल्या बाळाची पातळी आम्ही ९० ते ९५ मध्ये ठेवतो, मुद्दाम. (साध्या हवेत त्याची ९८ असली तर छानच, तिथे कुणी औषध देत नाहीये.) यावरून एक काम: डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची पुढची तारीख असेल, शोध. पहिली तपासणी तिथे झाली असली तरी पडद्याची वाढ पूर्ण होईपर्यंत ती पुन्हापुन्हा करावी लागते. ही एक तारीख चुकवायची नाही, पाऊस असो की नवले पुलावर दोन तास अडकायचं असो. लसही जन्मतारखेच्या हिशेबानेच, अपुरे दिवस धरून पुढे ढकलायची नाही. दीड महिन्याची झाली नसेल तर डॉक्टरांना लगेच विचार.

आता सासूबाई.

बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. धुरी ओव्याची असो, वावडिंगाची असो की धुपाची, धूर तो धूर. ज्या फुप्फुसांना चमचाभर सर्फॅक्टंट जमवायला एवढा खटाटोप लागला, तिथे धूर नको. पोटावर डाग, नाकात तेल, छातीला बाम, उशाशी कापराची पुरचुंडी, यातलं काहीही नको. नाकातलं तेल सरळ फुप्फुसात उतरतं, कापूर तर एवढ्या लहान बाळाला विषारी आहे. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी असेल तर ती काढून घे. मान पुढे वाकते आणि श्वासाची वाट दबते. झोळीतही तेच होतं. सपाट, कडक गादी, पाठीवर झोपवणं, तोंडाशी दुपटी-खेळणी नाहीत. अंगाला हलक्या हाताने तेल लावू देत, त्याला माझी हरकत नाही.

पण नुसतं "नको नको" म्हणून घर चालत नाही. शेकामागचा विचार बरोबरच आहे: बाळ उबेत राहिलं पाहिजे, गार पडलेलं बाळ श्वास घ्यायला दमतं. शेक हवाय ना? मग अंगाचा द्या. बाळाला टोपी, मोजे, लंगोट एवढंच; उघड्या छातीवर उभं धरायचं, बेडकासारखे पाय, मान एका बाजूला, नाक मोकळं, आणि वरून जुन्या मऊ सुती साडीने बांधून घ्यायचं. एका वेळी निदान तासभर. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास इनक्युबेटर पुरेनात म्हणून एडगर रे यांनी सुरू केलेली ही पद्धत. यात बाळाचा श्वास आणि ठोके जास्त स्थिर राहतात. २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी धरलं तर मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. तू कर, नवऱ्याला करू दे, आणि दुपारचा तास सासूबाईंना दे. आजीच्या छातीवर झोपलेलं नातवंड एकदा त्यांनी अनुभवलं की शेगडीचा विषय निघणार नाही. निघालाच तर माझं नाव सांग.

स्कूटरबद्दल मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात तथ्यच नाही. तुझं बीपी वाढलं ते वारेच्या (प्लासेंटाच्या) बिघाडाने. वार सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशयात नीट रुजली नाही की पुढे हे होतं. हिंजवडीच्या खड्ड्यांनी पाठ मोडते, बीपी १७० होत नाही. सासूबाईंच्या पिढीत सातमाशी मूल हातातून जायचं आणि कारण कुणी सांगायचं नाही, मग बाईचाच काहीतरी दोष शोधायचा. "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही" असंही म्हणायचे, तेही खोटं. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांच्या कामी येतो.

गणपती. बसवा, थाटात बसवा. बाळ आतल्या खोलीत, दार लावून. आरतीचा कापूर आणि उदबत्त्यांचा धूर तिकडे जाता कामा नये. ज्याला सर्दी, खोकला, ताप आहे, त्याने बाप्पाला नमस्कार करून बाहेरूनच जायचं, मग तो सख्खा काका का असेना. मोठ्या माणसाला नुसतं नाक गळायला लावणारा आरएसव्ही नावाचा विषाणू अशा बाळाला पुन्हा ऑक्सिजनवर नेऊ शकतो. हात साबणाने धुतल्याशिवाय स्पर्श नाही, पापे नाहीत, या हातातून त्या हातात नाही. पंचवीस माणसांना हे तू सांगत बसू नकोस, वाईट होशील. दारावर कागद लाव: "बाळाच्या डॉक्टरांनी मनाई केली आहे." पुण्यात दारावरची पाटी अजून वाचली जाते. आणि ढोल-ताशा पथक गल्लीत आलं की खिडक्या बंद.

अजून एक: आत्ताच ठरवून ठेवा की रात्री-अपरात्री लागलं तर कुठे जायचं. शक्यतो जिथे त्याची फाइल आहे तिथेच; विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतील तर जवळचं दुसरं कुठलं, हेही. तिथे नवजात बाळांचा विभाग आहे ना, हे फोन करून विचारून घ्या. नेताना बाळाला वर सांगितलं तसं छातीशी बांधून, टोपी घालून न्यायचं.

तुझ्या पत्रात बाळाचं वजन ग्रॅममध्ये आहे, तुझ्याबद्दल एक ओळ नाही. तुझं बीपी शेवटचं कधी मोजलं? अशा बाळंतपणानंतर ते आठवडे-महिने वर राहू शकतं. या आठवड्यात मोजून घे. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं तर त्याच दिवशी. आणि नऊ रात्री न झोपलेल्या बाईला रडू येणं स्वाभाविक आहे, पण दिवसचे दिवस रडू थांबत नसेल, बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं असेल किंवा नको नको ते विचार येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगायचं, नवऱ्यालाही.

आज रात्रीपासून पाळ्या लावा. दहा ते दोन नवरा. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते त्याला एकदा दाखव. त्या चार तासांत तू दुसऱ्या खोलीत, दार ओढून, मोबाइल त्याच्याकडे.